बटेरचा पाय अधू झाला तर काय कराल?

अंड्यातून बाहेर पडलेलं जपानी बटेरचं पिल्लू जेमतेम ६ ते ८ ग्रॅम वजनाचं असतं. सहा-सात आठवड्यांत तेच पिल्लू दीडशे ग्रॅमच्या पुढे जातं आणि मादी असेल तर अंडीही घालू लागते. दीड महिन्यात वीसपट वाढ! हा सगळा भार दोन काडीएवढ्या पायांवर येतो. त्यामुळे बटेर पाळणाऱ्या नवख्या माणसाला पहिली अडचण बहुतेक वेळा पायाचीच येते, आणि तिथे उशीर फार महागात पडतो. आज पाय फाकलेला दिसला आणि आपण ‘रविवारी बघू’ म्हटलं, तर रविवारपर्यंत हाडं आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) त्याच वाकड्या ठेवणीत पक्के होऊ लागलेले असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाय दुखतोय म्हणजे कारण पायातच आहे असं नाही. ते पिंजऱ्याच्या तळात असतं, खाद्याच्या डब्यात असतं, कधी पोटात अडकलेल्या अंड्यात असतं. म्हणून पट्टी बांधायच्या आधी कारण शोधायचं. खालचा क्रम त्यासाठीच आहे.

पहिलं काम: वेगळं करा, ऊब द्या

लंगडणाऱ्या पक्ष्याला बाकीचे टोचतात, हे बटेरच्या बाबतीत हमखास घडतं. त्याला लगेच पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात ठेवा. तळाला जुना टॉवेल नको, कारण त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. जाड टिश्यू पेपर किंवा फळीवर अंथरतात ती खरखरीत रबरी जाळी चांगली. खोक्याची उंची कमीच असू द्या. बटेर घाबरला की सरळ वर उडी घेतो, आणि दुखऱ्या पायावर आपटला तर दुखापत वाढते. पाणी आणि खाद्य मान लांबवली की मिळेल इतक्या जवळ हवं. उथळ वाटीत स्वच्छ खडे टाकून त्यावर पाणी ओता. पिल्लं अगदी थोड्या पाण्यातही बुडतात, आणि पाय अधू असलेलं पिल्लू तर नक्कीच.

पिल्लू पहिल्या आठवड्यातलं असेल तर ३५ ते ३७ अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जायचं. मोठ्या पक्ष्यालाही आजारपणात ऊब द्यावी, पण खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. एकटा पडलेला बटेर बेचैन होतो. शक्य असेल तर त्याचा एखादा शांत सोबती जाळीपलीकडे दिसेल असा ठेवा.

हात लावण्याआधी पाहा

पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. टेबलावर ठेवलेला पक्षी घाबरून लंगडणं लपवतो. एक पाय उचलून धरतोय की दोन्ही पाय लुळे आहेत? बोटं उघडी आहेत की आत वळलेली? पायावर उभा राहण्याऐवजी मागच्या सांध्यावर टेकून सरकतोय का? मागे वाकलेला तो सांधा म्हणजे पक्ष्याची टाच. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. डॉक्टरांशी फोनवर बोलताना ‘गुडघा सुजलाय’ म्हटलं तर त्यांचा गोंधळ होऊ शकतो.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा: ती पिसं फुगवून, शेपटी खालीवर करत, जोर लावत बसलीय का? पोट फुगलंय का? काल-परवापर्यंत रोज अंडं देत होती आणि आता नाही? मग ते पायाचं दुखणं नसून अंडं अडकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. अडकलेलं अंडं नसांवर दाब देतं आणि पाय लुळे वाटतात. तिला उबदार, जरा दमट जागी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न कधीही करू नका. अंडं आत फुटलं तर मादी बहुधा हाताशी लागत नाही.

मग हातात घ्या

तळहातावर पाठ टेकवून, पंख शरीराशी लागलेले राहतील असं हलकं धरा. छातीवर दाब नको, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. चांगल्या उजेडात दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. चांगला पाय समोर असताना बिघडलेला लगेच कळतो. आधी बोटं आणि नखं, मग तळपाय, मग टाचेचा सांधा, शेवटी मांडी. सूज, उष्णपणा, काळपट रंग, रुतलेला धागा, ओळख पटावी म्हणून पायात घातलेली आणि आता घट्ट झालेली रिंग. दोन मिनिटांत संपवा आणि परत ठेवा.

पिल्लांचे पाय

पाय फाकणं हे सर्वांत जास्त दिसणारं आणि वेळीच हात घातला तर सर्वांत चांगलं सुधारणारं दुखणं. पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला घसरतात आणि ते पोटावर पडून राहतं. कारण बहुतेक वेळा एकच: खाली अंथरलेलं गुळगुळीत वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक. कधी उबवणी यंत्रातलं तापमान बिघडलेलं असतं किंवा पिल्लू कवचातून निघताना फार थकलेलं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत उपाय केला तर पाय बहुधा सरळ होतात. आठवडा उलटला तर आशा बरीच कमी होते.

मेडिकलमध्ये मिळणारी कागदी सर्जिकल टेप घ्या. तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा. सेलोटेप, रबर बँड, शिवणाचा दोरा यांपैकी काहीही वापरू नका. एका पायाच्या नळीभोवती, टाचेच्या खाली, पट्टी सैलसर गुंडाळा, मधे अंतर सोडून दुसऱ्या पायाभोवती न्या आणि मधली पट्टी स्वतःलाच चिकटवून टाका, म्हणजे ती पिसांना चिकटणार नाही. दोन पायांत अंतर किती ठेवायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. त्याच वयाचं सुदृढ पिल्लू शेजारी उभं करा आणि त्याच्या पायांत जेवढं अंतर असेल तेवढंच ठेवा. पाय बरोबर शरीराखाली आले पाहिजेत. अगदी जवळ बांधले तर पिल्लू तोंडावर पडतं.

बांधल्यावर ते पहिल्यांदा धडपडेल, कोलांटेल. थोडा वेळ द्या, बहुतेक पिल्लं काही तासांत उभी राहायला शिकतात. बोटं निळसर किंवा सुजलेली दिसली तर पट्टी लगेच कापा. आणि पट्टी रोज बदलायचीच, कारण पिल्लू रोज वाढतं, काल सैल असलेली पट्टी आज रुतते. दोन ते पाच दिवसांत फरक दिसतो. दर वेळी पट्टी काढली की पाच मिनिटं खरखरीत जाळीवर मोकळं चालू द्या आणि पाय पुन्हा घसरतात का ते बघा.

बोटं आत वळून मूठ आवळल्यासारखी झाली असतील आणि पिल्लू टाचांवर बसून चालत असेल, तर संशय रायबोफ्लेविनच्या, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर घ्यायचा. इथे एक चूक सर्रास होते. कोंबड्यांसाठी दुकानात मिळणारी जीवनसत्त्वांची काही थेंब-औषधं फक्त ए, डी-३, ई आणि बी-१२ ची असतात, त्यांत बी-२ नसतंच. लेबल वाचून, बी-कॉम्प्लेक्स असलेलं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात द्या. रायबोफ्लेविन उजेडाने नष्ट होतं, म्हणून ते पाणी उन्हात ठेवू नका आणि रोज ताजं करा. सोबत उकडलेलं अंडं बारीक कुस्करून थोडंसं द्या. सुरुवातीला सापडलं तर काही दिवसांत बोटं उघडतात. नसा कायमच्या बिघडल्या असतील तर उघडत नाहीत. पिल्लू बाकी टुणटुणीत असेल आणि जन्मापासूनच एखादं बोट वाकडं असेल, तर पातळ पुठ्ठ्याचा पायाएवढा तुकडा कापून त्यावर बोटं पसरवून टेपने चिकटवा. एक-दोन दिवसांचा हा ‘बूट’ पहिल्या दिवसांत चांगलं काम करतो.

तिसरा प्रकार अवघड. टाचेचा सांधा जाड, चपटा होतो आणि त्याच्या मागून जाणारं टेंडन खाचेतून बाजूला सरकतं. पाय आडवा वळतो. मँगनीज, कोलीन, बायोटिन या पोषकद्रव्यांची कमतरता यामागे असते, आणि बटेरच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा कोलीन बरंच जास्त लागतं. टेंडन सरकल्या दिवशीच अनुभवी हातांनी जागेवर बसवून आधार दिला तर कधी कधी जमतं. हे घरी करून बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खाद्याचा डबा तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि मग एकामागून एक पक्षी लंगडू लागतो. आपल्याकडे घरी पाळलेल्या बटेरना बाजरी, ज्वारी, तांदळाच्या कण्या घालायची पद्धत आहे. माया खरी असते, पण पोषण अपुरं पडतं. बाजरीत प्रथिनं साधारण ११ टक्के. वाढत्या बटेरला २४ टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात, आणि नुसत्या धान्यात कॅल्शियम व डी जीवनसत्त्व जवळपास नसतंच. हाडं मऊ राहतात, पाय धनुष्याकार वाकतात, चोचही दाबली तर लवते. बटेरचं तयार खाद्य मिळालं तर उत्तमच. ते न मिळाल्यास ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या अगदी लहान पिल्लांचं खाद्य) बारीक करून वापरा. त्यात प्रथिनं बटेरच्या गरजेपेक्षा थोडी कमी पडतात, ती उकडलेल्या अंड्याने भरून काढा. धान्य खाऊ म्हणून चिमूटभर.

अंडी देणाऱ्या मादीचं गणित वेगळं. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असतं, तर बटेरचं ६ ते ८ टक्के. कवचासाठी कॅल्शियम खाद्यातून मिळालं नाही तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग एके सकाळी ती उठूनच उभी राहू शकत नाही. तिच्या खाद्यात अडीच ते तीन टक्के कॅल्शियम हवं. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या मादीला हवा ती खाते. मात्र तो खाद्यात मिसळून सगळ्यांना देऊ नका. नर आणि पिल्लं यांना जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला भारी पडतं. कमजोर मादीला विश्रांती द्यायची असेल तर दिवे बंद करा. बटेरचं अंडं देणं उजेडावर चालतं. रोज १४ ते १६ तास उजेड असेल तर ती देतच राहते, तो १० तासांवर आणला की हळूहळू थांबते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी: खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात डी जीवनसत्त्व तयार करणारे किरण गाळले जातात. ऊन द्यायचं तर काच उघडून, सकाळचं, आणि अर्धी जागा सावलीत ठेवून. पावसाळ्यात खाद्याला कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर संपूर्ण पिशवी फेकून द्या. वरचं काढून खालचं वापरणं धोक्याचं.

मोठ्या पक्ष्यांचे पाय

बोटांवर विष्ठेचे कडक गोळे जमणं बटेरमध्ये फारच नेहमीचं आहे. ओला भुसा आणि विष्ठा बोटांना चिकटते, सुकते, त्यावर पुन्हा थर बसतो. गोळा ओढून काढू नका, नख किंवा बोटाचं टोक त्याच्याबरोबर निघतं. पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून धरा, गोळा मऊ झाला की कडेकडेने चुरा, पुन्हा भिजवा. घाई नको. नंतर पाय पूर्ण कोरडा करून मगच पिंजऱ्यात सोडा. गोळ्याखाली धागा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गोणपाटाचा सुटलेला तंतू किंवा माणसाचा लांब केस बोटाभोवती गुंडाळला जातो आणि रक्तपुरवठा तोडतो. बारीक कात्री, चिमटा आणि भिंग घेऊन तो कापा. बोट काळं, कोरडं पडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

तळपायाचा फोड सावकाश वाढतो म्हणून दुर्लक्षित राहतो. तारेच्या जाळीवर सतत उभं राहणं, ओला तळ, जास्त वजन यामुळे तळपायाची त्वचा झिजते आणि तिथून स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू आत शिरतात. आधी त्वचा गुळगुळीत आणि लालसर होते, मग सूज, मग मधोमध काळी खपली. लाल असेपर्यंत घरी सांभाळता येतं: तळ मऊ आणि कोरडा करा, दिवसातून एकदा कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं पाय शेका, कोरडा करा, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि गॉजची छोटी गादी ठेवून सैल पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. खपली आली असेल तर आत पू आहे, आणि पक्ष्यांचा पू घट्ट असतो, पिळून निघत नाही. ब्लेडने खपली काढण्याचे व्हिडिओ बघून हात घालू नका. संसर्ग टेंडन, सांधा आणि हाडापर्यंत जाऊ शकतो. हे जीवाणू माणसालाही त्रास देतात, तेव्हा हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

पाय लोंबकळत असेल किंवा भलत्याच कोनात वळला असेल तर हाड मोडलंय. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरा. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून १० ते १५ मिलिलिटर रक्त असतं, त्यामुळे थोडं सांडलेलंही थोडं नसतं. नवख्या माणसाने आगपेटीच्या काड्या लावून खपच्ची बांधू नये; चुकीची खपच्ची मोडलेलं हाड आणखी फिरवते. पक्ष्याला हलता येणार नाही इतक्या लहान, मऊ, अंधाऱ्या खोक्यात ठेवून दवाखान्यात न्या. नीट बसवलेलं हाड साधारण तीन आठवड्यांत जुळतं.

सांधे सुजलेले आणि गरम, एकाहून जास्त सांध्यांत किंवा एकाहून जास्त पक्ष्यांत, असं असेल तर संसर्गाचा विचार करावा लागतो, आणि प्रतिजैविक कोणतं हे डॉक्टरच ठरवतील. सांध्यांवर पांढरट, खडूसारखे उंचवटे दिसले तर तो संधिवाताचा युरिक ॲसिडचा प्रकार. मूत्रपिंड थकलेलं असतं, म्हणून पाणी भरपूर आणि खाद्यातला बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने.

घरातली वेदनाशामक गोळी नको

हे मी ठळक लिहितो आहे कारण कळवळून लोक असं करतात. डायक्लोफेनॅक पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. भारतातली गिधाडं ज्याने लाखोंनी मेली ते हेच औषध, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर देशात बंदी आली. माणसाच्या गोळीचा चुरा, मलम, स्प्रे यांतलं काहीही बटेरला लावू-पाजू नका. पक्ष्यांना चालणारी वेदनाशामकं आहेत, पण त्यांचा डोस वजन करून ठरतो.

डॉक्टर कुठे, आणि काय घेऊन जायचं

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबड्यांचे आजार रोज पाहिले जातात, तिथून सुरुवात करा. मोठी तपासणी लागली तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळ, साताऱ्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीर. जाताना व्हिडिओ, खाद्याच्या पिशवीचं लेबल, ताजी विष्ठा कागदावर आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन घेऊन जा. वजन सांगितलं की डोस नेमका ठरतो.

मान पिळवटलेली, पाय-पंख लुळे, हिरवट हगवण आणि पाठोपाठ मरणारे पक्षी, हे राणीखेत म्हणजे मानमोडीचं किंवा बर्ड फ्लूचं लक्षण असू शकतं. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली होती. अशा वेळी पक्षी इकडे-तिकडे नेऊ नका, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुसंवर्धन विभागाला तिथूनच कळवा.

आणि जखमी पक्षी शेतात सापडलेला लावा, म्हणजे रानातला बटेर, असेल, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला घरी पाळता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

बरं होतानाचे दिवस

पक्षी पुन्हा पायावर उभा राहिला की लगेच कळपात सोडू नका. रोज एकाच वेळी वजन करा. वजन टिकतंय किंवा वाढतंय तर सुधारणा खरी आहे. पोटाखालची पिसं ओली आणि मळलेली राहत असतील तर तो अजून जास्त वेळ बसून आहे. दरम्यान पिंजरा दुरुस्त करा: जाळीचा किमान अर्धा तळ फळी किंवा रबरी चटईने झाकायचा, पिल्लांसाठी जाळीचं भोक ६ मिलिमीटरहून मोठं नको, लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस कोरडं ठेवायचं, कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ट्रे. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर सतत पाठलाग होऊन दुबळी मादी पुन्हा जखमी होते.

काही पक्षी कायमचे लंगडे राहतात आणि तरीही खातात, वाळूत लोळतात, आवाज देतात. त्यांना वेगळी सपाट जागा आणि एक शांत सोबती मिळाला तर ते छान जगतात. पण उभंच राहता येत नाही, खाणं सुटलंय, पोटाखाली जखमा होतायत अशी अवस्था असेल, तर वेदनारहित मृत्यूबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

बरा झालेला पक्षी परत सोडताना आधी दोन-तीन दिवस मधे जाळी ठेवून सगळ्यांना एकमेकांसमोर ठेवा. मग संध्याकाळी, उजेड मंदावताना, पिंजऱ्यातल्या खाद्याच्या वाट्यांची जागा बदलून त्याला आत सोडा. पुढचा तासभर तिथेच थांबा. कुणी डोक्यावर टोचू लागलं तर बाहेर काढायचं ते टोचणाऱ्याला.